डंडीतल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही ही तुमचीच अट, म्हणून नुसतं ‘ताई’. तुम्ही लिहून दिलेल्या टिपणाच्या भरवशावर आमच्या मंडळींची स्कॉटलंडमधल्या डंडी आणि सेंट अँड्र्यूजची फेरी व्यवस्थित पार पडली. पत्ते काय, नकाशात मिळतात. अमुक आधी का आणि तमुक नंतर का, हे मात्र कुणी सांगत नाही. ते तुम्ही सांगितलंत. पुढे जाणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

एडिनबराहून निघालेले बरेचजण ल्यूकर्सला उतरतात, बसने सेंट अँड्र्यूज गाठतात आणि डंडी राहून जाते. सेंट अँड्र्यूजची रेल्वे १९६९ साली बंद झाली, त्यामुळे ल्यूकर्स हेच जवळचं स्टेशन. चूक कुणाची नाही. पण तुम्ही बजावलंत की ल्यूकर्सला उतरू नका, डंडीपर्यंत बसून राहा आणि खिडकी उजवीकडची धरा. ल्यूकर्सनंतर गाडी टे नदीच्या पुलावर चढते आणि उजव्या हाताला पाण्यात ओळीने बुटके खुंट दिसू लागतात. ते १८७८ साली सुरू झालेल्या पहिल्या पुलाचे. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात त्याचे मधले उंच गाळे आगगाडीसकट नदीत कोसळले, गाडीतलं कुणीही वाचलं नाही. आराखड्यात वाऱ्याच्या दाबाचा हिशेब जवळजवळ धरलाच नव्हता, त्यात बिडाच्या खांबांचं ओतकामही सदोष. १८८७ चा आजचा पूल जुन्याला लागूनच, पण प्रवाहाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला बांधला; म्हणून खुंट उजवीकडे. डावीकडे बसलेल्याला नुसती नदी दिसते.

डंडीत उतरल्यावर समोरच डिस्कव्हरी जहाज आणि व्ही अँड ए हे डिझाइनचं संग्रहालय. पाय तिकडेच वळतात. तुम्ही आधी व्हर्डंट वर्क्सला पाठवलंत, आणि आमच्या मते टिपणातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. ही जुनी गिरणी १८३३ ची, आता तागाचं संग्रहालय. स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटांची चाल, वाट थोडी चढाची. ती आणि डिस्कव्हरी मिळून एकत्र तिकीट निघतं, ते स्वस्त पडतं. यंत्रं प्रात्यक्षिकापुरती चालवतात, तेव्हा तिकीट घेतानाच वेळ विचारून घ्यावी. बंद यंत्रांतून फिरण्यात निम्मी मजा जाते.

बंगालहून ताग यायचा तो दाबून बांधलेल्या गाठींतून, एकेक गाठ ४०० पौंडांची, म्हणजे सुमारे १८० किलो. कोरडा ताग राठ असतो. तसाच पिंजायला घेतला तर तंतू तुटतात, धूळ उडते आणि सूत धरत नाही. म्हणून आधी त्यावर तेल आणि पाणी शिंपडून तो खाचेदार रुळांमधून दाबत न्यायचा, म्हणजे मऊ पडतो. मग पिंजण, मग पेळू ओढून सारखे करणं, मग कताई आणि शेवटी माग. तेल होतं देवमाशाचं, आणि देवमाशांच्या शिकारीचा ताफा डंडीच्याच बंदरात. जवसाच्या धाग्यावर, म्हणजे लिननवर पोसलेलं गाव तागाकडे वळलं त्याचं हे मोठं कारण. गिरणीत बायका संख्येने जास्त. मागांच्या खडखडाटात ऐकू काही येत नसे, त्या ओठांवरून बोलणं ओळखत. पुढे हीच यंत्रं आणि इथलेच मुकादम हुगळीकाठी गेले, कलकत्त्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि डंडीचं गणित बिघडलं. हे पाहून आलं की गोणपाटाकडे सहज दुर्लक्ष होत नाही.

डिस्कव्हरी नंतर का, ते मग आपोआप कळतं. १९०१ साली इथेच पाण्यात उतरवलेलं हे जहाज ध्रुवीय संशोधक स्कॉटला दक्षिण ध्रुवाकडे घेऊन गेलं. बर्फात टिकणारी लाकडी जहाजं बांधायची विद्या डंडीकडे होती, कारण देवमाशांची शिकार बर्फाळ समुद्रातच चालायची. चुंबकीय मोजमापांच्या उपकरणांना लोखंडाचा अडथळा नको, हेही लाकडामागचं कारण. जिने उभे आणि दारं ठेंगणी. गुडघे दुखणाऱ्यांनी वरचा डेकच पाहावा.

व्ही अँड ए मध्ये कायमच्या दालनांना तिकीट नाही. वास्तुकार मॅकिंटॉशची ओक रूम, म्हणजे चहाघरातली लाकडी खोली, तेवढी चुकवू नये. बाकी तासाभरात उरकतं.

सेंट अँड्र्यूजला जायला ९९ नंबरची बस. ती टे रोड ब्रिजवरून जाते, म्हणजे आता रेल्वेचा पूल लांबून आडवा दिसतो. रविवार धरा हा तुमचा सल्ला अचूक: एरवी रविवारी ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर खेळ बंद असतो आणि गवतावरून चालता येतं, थेट मैदानातल्या दगडी स्विल्कन पुलापर्यंत. मोठ्या स्पर्धा असल्या तर मात्र नाही. इतर दिवशी ग्रॅनी क्लार्क्स वाइंड हा रस्ता पहिल्या आणि अठराव्या होलच्या मैदानातून आडवा जातो. तो ओलांडताना दोन्हीकडे बघावं, चेंडू विचारून येत नाही.

विद्यापीठ १४१३ चं. सेंट साल्वेटर चॅपलच्या दारापुढे फरशीत पी आणि एच ही अक्षरं आहेत. १५२८ साली पॅट्रिक हॅमिल्टन या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाला तिथे जाळलं. अक्षरांवर पाय पडला तर नापास होतो म्हणून मुलं वळसा घालतात. पडलाच तर १ मेच्या पहाटे थंडगार समुद्रात बुडी मारणे हा उतारा. किल्ल्यात तर वाकून जायची तयारी हवी. १५४६-४७ च्या वेढ्यात हल्लेखोरांनी बुरुजाखाली भुयार खणलं, आतल्यांनी आवाजाचा माग काढत उलट भुयार खणून ते गाठलं. बाहेरच्यांचं उंच आणि ऐसपैस, आतल्यांचं वाकडंतिकडं आणि बुटकं; घाई दगडात दिसते. पायाखाली ओल असते, चपला नकोत.

टिपणात दोनच गोष्टींची भर घाला. एक, ‘हार’ नावाचं समुद्री धुकं. उबदार हवा थंड उत्तर समुद्रावर आली की ते उन्हाळ्यातही किनाऱ्यावर चढतं, म्हणून अंगावर जाकीट हवंच. दुसरी, डंडी विद्यापीठातला गेडिस क्वाड्रँगल. पॅट्रिक गेडिस १८८८ ते १९१९ इथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि १९२४ मध्ये त्यांच्यामागे विभाग आला तो मालवणच्या गो. स. घुर्ये यांच्याकडे. व्हर्डंट वर्क्सपासून तो चौक दूर नाही, स्टेशनकडे परतताना वाटेवर घेता येतो.

आपली,
एडिनबराची मराठी मंडळी