विक्रम मोजणाऱ्या डब्याविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाफेच्या इंजिनाचा वेगविक्रम करणाऱ्या ‘मॅलार्ड’वरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. इंजिनाचे रचनाकार नायजेल ग्रेस्ली, ड्रायव्हर जोसेफ डडिंग्टन, फायरमन ब्रे, सगळ्यांचा उल्लेख आला, बरे वाटले. पण त्या दिवशी इंजिनाच्या टेंडरला, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याला, लागून धावलेल्या डब्याबद्दल लेखात एक ओळही नाही. तो डबा नसता तर या विक्रमाला पुरावाच उरला नसता, म्हणून हे पत्र.

तो डबा म्हणजे नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९०६ मध्ये बांधलेली डायनॅमोमीटर कार. काही वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ती पाहिली. गर्दी सगळी मॅलार्डच्या निळ्या इंजिनापुढे. मी मात्र बराच वेळ डब्याच्या खिडकीशीच उभा होतो. आत टेबल, त्यावर कागदाची रुंद गुंडाळी आणि कागदावर टेकणारी पेने. इंजिनाची ओढ डब्यातल्या पोलादी पट्ट्यांच्या भल्यामोठ्या स्प्रिंगवर येते. स्प्रिंग जितकी दबेल तितके पेन सरकते. कागद पुढे जातो तो रुळाच्या हिशेबाने. त्यासाठी डब्याखाली एक वेगळे चाक असते, चाचणीपुरते रुळावर टेकवायचे. नेहमीची चाके ब्रेक लागून झिजतात, त्यांच्या भरवशावर अंतर मोजले तर चूक होणारच. दुसरे पेन वेळेच्या खुणा करत जाते. अंतर आणि वेळ एकाच कागदावर आले की वेग कळतो, आणि ओढीला वेगाने गुणले की अश्वशक्ती.

माझे वडील भुसावळच्या शेडला फायरमन होते. रुळांच्या सांध्यांचे ठोके मोजून ते गाडीचा वेग सांगत, आणि इंजिन दमदार आहे की नाही हे धुराड्याच्या आवाजावरून. त्यांचा अंदाज क्वचितच चुके. पण तो त्यांच्याबरोबरच गेला. कागदावर त्यातले काहीच उरले नाही. यॉर्कला त्या टेबलाकडे बघताना हेच मनात येत होते.

३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडातल्या स्टोकच्या उतारावर सुमारे २४० टनांची गाडी घेऊन मॅलार्ड ताशी १२६ मैलांवर, म्हणजे जवळजवळ २०३ किलोमीटरवर पोहोचले, असे लेखात आहे. त्यात एवढी भर घालावीशी वाटते की १२६ हा आकडा अगदी क्षणभराचा होता, आणि खुद्द ग्रेस्ली यांनी १२५च मान्य केला होता. १२६ची पाटी इंजिनावर लागली ती १९४८ मध्ये, ग्रेस्ली १९४१ मध्येच वारले होते. आपल्याच इंजिनाचा एक मैल कमी धरणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. त्या धावेत इंजिनाचे मधले बिग एंड बेअरिंग (चाके फिरवणाऱ्या मधल्या दांड्याच्या टोकाचे) तापले आणि पीटरबरोला दुसरे इंजिन जोडावे लागले, हेही लेखात यायला हवे होते.

याच डब्याने ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाच्या ताशी १०० मैलांची नोंद केली. १९४८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीयीकृत रेल्वेने वेगवेगळ्या विभागांची इंजिने एकमेकांच्या मार्गांवर चालवून पाहिली, तेव्हाही हा डबा कामाला होता.

माझी विनंती दोन गोष्टींची. पुढच्या ३ जुलैला मॅलार्डचा फोटो छापाल तेव्हा शेजारी या डब्याचाही छापावा. आणि आपल्याकडे स्टेशनांबाहेर, रेल्वे कार्यालयांपुढे चौथऱ्यावर रंगवून ठेवलेली जी जुनी इंजिने आहेत, त्यांच्या पाट्यांबद्दल आपण लिहावे. मी पाहिलेल्या पाट्यांवर नाव आणि साल असते. ते इंजिन किती टन ओढत होते, कोणत्या घाटात, किती वेगाने, हे कुठेच नसते. शेडमध्ये राबलेली माणसे अजून हयात आहेत, कागदही कुठल्या तरी कपाटात असतील. तोवर हे आकडे पाटीवर यावेत.

आपला,
एक वाचक, भुसावळ