आहेराच्या साड्यांचे काय होते?

माननीय संपादक,

आमच्या आर्वी तालुक्यात लग्नसराई संपली की घरोघरी आहेरात आलेल्या साड्या, ब्लाऊजपीस, टॉवेल आणि टोप्यांची गाठोडी साचतात. यातील बहुतेक कापड नेसण्यासाठी नव्हे, तर केवळ देण्याघेण्यासाठी विकत घेतलेले असते; ते एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरते आणि विटले की नाल्याच्या काठी टाकले जाते किंवा जाळले जाते. ते बहुधा पॉलिस्टरचे, म्हणजे खनिज तेलापासून बनलेले असल्याने मातीत कुजत नाही आणि त्याचा धूर श्वासाला घातक असतो.

कापूस पिकवणाऱ्या विदर्भात हे घडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. खादीचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींचे सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात आहे. आमच्या आजीच्या काळी सुती लुगडे फाटले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे, आणि तेही शेवटी उकिरड्यात मिसळून जाई.

आहेर बंद करा, असे माझे म्हणणे नाही, कारण त्यात माया असते. मात्र जवळच्या चार-पाच जणांनाच नेसण्याजोगे सुती वस्त्र द्यावे आणि इतरांनी कापडी आहेर घेऊ नये, असा ठराव ग्रामसभेत व्हावा. साचलेल्या कापडाच्या पिशव्या बचत गटाच्या महिलांकडून शिवून घेता येतील. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असूनही आठवडी बाजारात त्या सर्रास दिसतात.

– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा