तिथीची पाऊणपट

गुहागर,
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बायो हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माझ्याच्याने नाही होणार हे," आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. तुझी आई तेव्हापासून मागे लागली आहे, फोन करा म्हणून. मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्र पुरतं वाचशील.

अठरा दिवस जिमला गेलीस, रोज तासभर ट्रेडमिलवर पळालीस, रात्री नुसतं सूप पिऊन झोपलीस आणि एकोणिसाव्या दिवशी काट्यावर 300 ग्रॅम वाढलेले दिसले. त्या 300 ग्रॅमचं मला काही वाटत नाही. दिवसभरातसुद्धा वजन किलोभर खालीवर होतं. आदल्या रात्रीचं मीठ, पाळीचे दिवस, नव्या व्यायामाने दुखावलेल्या स्नायूंनी धरून ठेवलेलं पाणी, सगळं काट्यावर चढतं. त्याला चरबी समजू नकोस. मला लागलं ते दुसरंच. गुडघा दुखत असताना तू पळत राहिलीस.

ही चूक मी केलेली आहे. तुला कधी सांगितलं नाही. निवृत्त झालो तेव्हा माझं वजन 92 किलो होतं, कंबर 104 सेंटिमीटर. तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरून बसलो, स्टँडवर गाडी लागली की वडापाव आणि चहा, रात्रवस्तीला मिळेल ते. रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी पहिल्याच पहाटे समुद्राच्या पुळणीवर कोरड्या वाळूतून पळत सुटलो. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, टाच खाली जाते. घट्ट जमिनीपेक्षा दुपटीच्या घरात शक्ती लागते. चौथ्या दिवशी टाच जमिनीला टेकवेना. तीन आठवडे ओटीवर बसून होतो आणि माझ्याही मनात अगदी तुझंच वाक्य होतं.

कुंभार्ली घाट चढताना मी गाडी कधी चौथ्या गियरवर घातली नाही. स्वतःच्या देहाला मात्र पहिल्या दिवशी घातली.

टाच बरी झाल्यावर ओल्या वाळूवर चालायला लागलो. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरलं की वाळू घट्ट आणि सपाट राहते, पाय रुतत नाही, डांबरी रस्त्यापेक्षा सांध्यांना हादरेही कमी बसतात. आता ओहोटी काही रोज सहाला येत नाही. आजोबांनी तुला शिकवलेला हिशोब आठवतोय? तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी तिथी, भरती सव्वाअकराला, म्हणजे त्या सुमारास पहाटे पाच-साडेपाचला पुळण अशी मोकळी पडते की बघत राहावं. अष्टमीला त्याच वेळी घट्ट वाळू पाण्याखाली आणि आपल्या वाट्याला वरची भुसभुशीत. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, मग माझं चालणंही सरकतं. कधी सहाला, कधी आठला, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत सरळ डांबरी रस्त्याने व्याडेश्वराच्या देवळापासून वरच्या पाटाला दुर्गादेवीच्या देवळापर्यंत. वेळ बदलते, खाडा होत नाही. एवढंच एक मी नीट केलं.

तुझं उलटं झालं. संध्याकाळी सात म्हणजे सातच. लोकल चुकली की जिम चुकली, आणि दोन दिवस चुकलं की सगळंच संपलं असं तुला वाटलं. तुझी भरती-ओहोटी वेगळी आहे बायो. महिनाअखेरीला ऑफिस सुटत नाही, रविवार मोकळा असतो, बुधवारी घरून काम. ते कागदावर मांड. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्याला, रोज इतकेच असं नव्हे. रविवारी तासभर उपवन तलावाशी, बुधवारी सकाळी चाळीस मिनिटं, आणि बाकीच्या दिवसांत पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे, की दीडशे होतात. स्टेशनवरून रिक्षा न करता भरभर घरी आलीस तरी ते धरायचं.

मध्यम म्हणजे किती ते घड्याळापेक्षा तोंड नीट सांगतं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तू हाताला ते घड्याळ बांधतेसच, म्हणून आकडाही देतो: 220 मधून वय वजा करायचं. तुझे 33, म्हणजे 187. त्याच्या 64 ते 76 टक्के, साधारण 120 ते 142 ठोके. हा अंदाज आहे, प्रत्येकाचं हृदय थोडं वेगळं. तू ट्रेडमिलवर 170 वर पळत होतीस असं म्हणालीस, ते ऐकून तुझी आई देवापुढे जाऊन बसली.

वजन का हळू उतरतं तेही ऐक, म्हणजे स्वतःला दोष देणार नाहीस. किलोभर चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. माझ्यासारखा जाडा माणूस तासभर भरभर चालला की साधारण 300 जातात, आणि एका वडापावात जवळपास तेवढ्याच परत येतात. महिन्यातले 25 दिवस चाललो तर एक किलो. म्हणून चालण्याबरोबर चहातली साखर सोडली, रात्रीचा भात निम्मा केला. दुपारची माशाची आमटी आणि उकड्या तांदळाचा भात मात्र सोडला नाही, कुळथाचं पिठलंही नाही. उपाशी राहून चालू नकोस. सूप पिऊन पळालीस तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, एवढं तरी कर.

92 वरून 79 वर यायला मला चौदा महिने लागले. मधे 84 वर दोन महिने काटा हलला नाही. देह हलका झाला की तेवढ्याच चालण्याला त्याला कमी लागतं, हे नंतर कळलं. मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश असं सुरू केलं, सुरूच्या झाडांच्या खुणा धरून. पण हे पाचव्या महिन्यानंतर, गुडघा धडधाकट असताना. तू आत्ता करायचं नाहीस. पावसाळ्यात दर्या खवळलेला आणि पाणंदीतल्या जांभ्यावर शेवाळ, तेव्हा माडीचा जिना आणि पडवी. कंटाळा यायचा. तरी केलं.

आणि काट्यावर आठवड्यातून एकदाच उभी राहा, ठरल्या वारी, सकाळी. महिन्याला कंबर मोज. आपल्या लोकांत बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाची 90 च्या आत असावी म्हणतात. माझी 93 आहे, अजून उतरायची आहे. पट्ट्याला मला तीन भोकं नवी पाडावी लागली. तो पट्टा मी ठेवला आहे, तू आलीस की दाखवीन.

गुडघा आधी डॉक्टरांना दाखव. चालताना छातीत दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखला, चक्कर आली, तर तिथेच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे मी माझ्या वयाच्या माणसांना सांगतो, तुलाही सांगून ठेवतो.

त्रिपुरी पौर्णिमेला सुट्टी टाकून ये. जावईबापूंनाही आण. पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी आहे, सहाला निघालो तरी तासभर घट्ट वाळू मिळेल. तू ठरवशील त्या वेगाने मी चालेन. ते महागडे बूट घेऊन ये, पण पुळणीवर अनवाणीच चालू. आई आंबोळ्यांचं पीठ भिजवणार आहे.

तुझे
बाबा