गृहमंत्री साहेब, नाक्यावर फोनचं लॉक कशाला काढायला लावता?

मा. गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार. तक्रार कुणा एका हवालदाराची नाहीये, म्हणून गावाचं किंवा पोलीस स्टेशनचं नाव लिहीत नाही. गणपतीत आणि पावसात ही माणसं किती तास उभी असतात ते आम्हाला दिसतं.

झालं असं की माझा भाचा रात्री साडेदहाला क्लासवरून येत होता, नाकाबंदीत गाडी अडवली, लायसन्स दाखवलं, पीयूसी दाखवलं, हेल्मेट डोक्यावरच होतं. मग साहेब म्हणाले, मोबाईल काढ, लॉक उघड. पोराने उघडला, करणार काय? नाही म्हटलं की 'काहीतरी आहे म्हणूनच लपवतोय' हे ठरलेलं. मग व्हॉट्सअ‍ॅप, गॅलरी सगळं बघून झालं. त्यात त्याच्या आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, एका मैत्रिणीशी झालेलं बोलणं. ते बोलणं मोठ्याने वाचून दोघं जण हसले म्हणे. सापडलं काहीच नाही, 'चल जा' म्हणाले. घरी येऊन पोरगं न जेवता झोपलं.

आता मी काही वकील नाही पण वाचलं थोडं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम २१ मधलाच. आणि ती याचिका कुणाची, तर पुट्टस्वामी नावाच्या एका निवृत्त न्यायाधीशांची, म्हणजे कुणी आंदोलनवाला नाही. तुमच्याच सरकारांनी आणलेली नवी नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यात तपासासाठी झडती घ्यायची तर आधी कारण लेखी नोंदवा असं कलम १८५ म्हणतं आणि कलम १०५ प्रमाणे झडतीचं व्हिडिओ शूटिंग करायचं. आता सांगा, रस्त्यावर उभं राहून कुणाचंही चॅट चाळायचं यात कारण कुठे नोंदवलं आणि शूटिंग कुणी केलं? घराची झडती घेताना निदान पंच तरी बोलावतात, आणि आजच्या पोराच्या फोनात घरापेक्षा जास्त असतं हो.

२०२१ मध्ये हैदराबादला पोलीस रस्त्यात लोकांच्या चॅटमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आपल्याकडे तसं नाही असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. कोर्टाचा निकाल नाक्यापर्यंत पोचतच नाही. पालघर आठवतंय ना, नोव्हेंबर २०१२. एकीने फेसबुकवर पोस्ट टाकली, दुसरीने नुसतं लाईक केलं आणि दोघींना अटक. त्यात जे आयटी अ‍ॅक्टचं ६६अ, म्हणजे इंटरनेटवर 'आक्षेपार्ह' लिहिलं की गुन्हा म्हणणारं कलम, लावलं होतं ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ ला रद्द केलं. संपलं ना? नाही. त्यानंतरही देशभर त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, आणि २०२२ मध्ये कोर्टाला परत सांगावं लागलं की अरे ते कलम आता नाहीये!

म्हणून मोठं काही मागत नाही. एक परिपत्रक काढा, दोन ओळींचं, मराठीत: नाकाबंदीत गाडीची कागदपत्रं बघा, संशय असेल तर कारण लिहून रीतसर झडती घ्या, पण नुसतं अडवलं म्हणून कुणाचा फोन उघडायला लावू नका. आणि ते साहेबांच्या केबिनमधल्या फाईलीत नको, नाक्यावरच्या बॅरिकेडला चिकटवा, म्हणजे अडवणारा आणि अडलेला दोघंही वाचतील. जमलं तर नकार देणाऱ्याला गुन्हेगार समजू नये हेही घाला, आरोपीला स्वतःविरुद्धच साक्ष द्यायला लावू नका म्हणणारं घटनेचं कलम २०(३) कशासाठी आहे मग.

भाचा आता नाका यायच्या आधी गाडी बाजूला घेऊन चॅट डिलीट करतो. परवा त्या गडबडीत आईचे रिपोर्टही गेले, डॉक्टरांकडून परत मागवावे लागले.

आपला,
एक मामा