रविवारी बी आणताना एवढं पाहा

रोपवाटिकेच्या सर्व सदस्यांना,

रविवारी सकाळी पिशव्या भरायच्या आहेत. जांभळाच्या बिया घरी साठवू नका, वाळवूही नका. दोनेक आठवड्यांत त्यांची उगवण संपते. गर धुऊन ओल्याच आणा.

बहाव्याचं नेमकं उलट. बी डब्यात वर्षभर टिकतं, पण कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. गेल्या वर्षी तसंच पेरलं आणि दोन महिने नुसत्या मातीला पाणी घालत बसलो! यंदा प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायचं (टोकाकडून नको, अंकुराला इजा होते) आणि रात्रभर भिजत ठेवायचं. फुगलेल्याच बिया आणा, बाकीच्या पुन्हा घासा.

सागाची फळं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आठवडाभर रात्री भिजवून दिवसा उन्हात टाकावीत.

पॉलिश पेपर आपापला आणा.