या आखाजीला झोका बांधा

उधना, सुरत
रविवार, रात्री

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलायचा तीनदा प्रयत्न केला. आशिषचं नाव निघालं की आई, तू गप्प होतेस, आणि बाबा, तुम्ही सुरतला ऊन किती आहे ते विचारता. म्हणून लिहायला बसलेय. एका बैठकीत वाचून झालं नाही तर ठेवून द्या, पण पूर्ण वाचा.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आले तेव्हा अंगणातल्या निंबाला झोका नव्हता. एवढ्या मोठ्या लेकीला झोका कशाला, असं शेजारच्या मावशी म्हणाल्या. मला झोक्यावर बसायचं नव्हतंच, पण आपल्या अंगणात आखाजीला झोका नाही, हे मी पहिल्यांदा पाहत होते. यांना सुटी मिळाली नव्हती, म्हणून आपण तिघंच होतो. मांडे झाले, आमरस झाला. आईनं सवयीनं चार ताटं मांडली आणि मग एक उचलून ठेवलं. त्यावर कुणीच काही बोललं नाही.

ख्रिस्ती नसलेल्या पूनमशी लग्न केलं म्हणून मंडळीच्या, आपल्या चर्चच्या, पटावरून आशिषचं नाव कमी करण्याच्या ठरावावर तुमची सही आहे, बाबा. मला त्याचा राग नाही, हे आधी सांगते. पोटच्या पोराला वेगळा न्याय लावला असं कुणी म्हणू नये, म्हणून पंचांमध्ये पहिली सही तुम्ही केलीत, हे मला नंतर कळलं. तुमचा सरळपणा मी लहानपणापासून पाहिलाय. पण तो ठराव चुकला, असं मला मनापासून वाटतं.

आशिष आणि पूनमनं लग्न लावलं ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, आणि धर्म कुणालाच बदलावा लागत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी लग्न लावता येतं. आपल्या मंडळीचा नियम त्याहून कडक आहे, आणि तो का आहे हे मला समजतं. पण त्या तीस दिवसांत आशिष दोनदा गावी येऊन गेला. मंडळीच्या एकाही वडिलांनी, म्हणजे पंचांनी, त्या दोघांना समोर बसवून, चहा देऊन विचारलं नाही, की बाळांनो, घरात प्रार्थना कशी करणार? लेकरं झाली तर त्यांना काय शिकवणार? सणवार कसे करणार? हे प्रश्न शेवटी मी विचारले, इथे माझ्या स्वयंपाकघरात. त्यांची उत्तरं अर्धीमुर्धीच होती. पण कुणीतरी विचारतंय एवढ्यानंच पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या मंडळीत बदलत्या काळाबद्दल फार बोललं जातं. प्रत्येक उपासनेत कुणी ना कुणी म्हणतं, जग बिघडलंय, पोरं हाताबाहेर गेलीत. मग आपण करतो काय, तर कुंपण उंच करतो. आणि ज्यांच्यासाठी ते करतो ती पोरं तर केव्हाच कुंपणाबाहेर आहेत. माझ्याबरोबर शब्बाथ शाळेत बसणारी मुलं मोजा. गावात चार-पाच उरली. बाकी सगळी इथे, नाहीतर पुण्याला, नाशिकला. आखाजीला आणि नाताळाला तेवढी अमळनेर स्टेशनवर उतरतात. ती परत गावाला येऊन राहतील या आशेवर मंडळी किती दिवस काढणार? बाबेलास कैद करून नेलेल्या यहूदी लोकांनाही असंच कुणी कुणी सांगत होतं, की लवकरच परत जाल. यिर्मया संदेष्ट्यानं मात्र पत्र लिहून कळवलं, तिथे घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बाबा, तो एकोणतिसावा अध्याय मी इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात वाचला. तोवर सुरतसाठी प्रार्थना करायची असते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आमची रविवारची संध्याकाळची सभा एका भाड्याच्या खोलीत भरते, पहिल्या मजल्यावर. खाली लूमचा खडखडाट, त्यामुळे प्रार्थना मोठ्यानं करावी लागते. सगळे खान्देशातले. कुणी नंदुरबारकडचा, कुणी शिरपूरचा, कुणी धरणगावचा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा सभा संपल्यावर उठेचना. चपला घालून सगळे जिना उतरायला लागले आणि हा भिंतीला टेकून बसलेला, मोबाइल उलटा करून मांडीखाली दाबलेला. मी नाव घेणार नाही, त्याचे आईवडील तुमच्या ओळखीचे आहेत. मोबाइलवरच्या रमीत चाळीस हजार गेले होते. ते फेडायला त्यानं मोबाइलवरूनच कर्ज घेतलं होतं आणि आता वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरावर फोन करत होते. तो म्हणाला, "ताई, सिनेमा बघू नका, एवढंच आजवर ऐकलं. हे पाप आहे का आजार आहे, तेच मला कळत नाही."

आम्ही प्रार्थना केली. मग आशिषनं वही काढली आणि त्याच्याकडून एकेक देणं लिहून घेतलं, कुणाचं किती, व्याज किती, तारीख कोणती. पूनम बँकेत काम करते. सरकारमान्य कंपनी कोणती आणि भामटी कोणती, हे तिनं त्याला बसून समजावलं, तक्रार कुठे करायची ते सांगितलं. रात्रीचे साडेअकरा वाजले. ती सभेला येते ती मागे बसते, गाणी गुणगुणते, प्रभुभोजनाच्या वेळी हात जोडून शांत बसून राहते. तिला कुणी बळेच पुढे ओढत नाही. त्या मुलाचं कर्ज आता निम्म्यावर आलंय.

बाबा, फळ्यावर अथेनै (अथेन्स) शहराचा नकाशा काढून तुम्ही आम्हाला प्रेषित पौलाचा धडा शिकवला होता, आठवतं? शहर मूर्तींनी भरलेलं पाहून त्याचा जीव आतून जळला, असं तुम्ही सांगायचात. पण तो पाठ फिरवून निघाला नाही. रस्त्यारस्त्यांतून हिंडला, लोकांची पूजास्थानं नीट बघितली, बाजारात जो भेटेल त्याच्याशी बोलला. मग अरीयपगावर उभा राहिला तेव्हा बोलायला सुरुवात केली ती त्यांच्याच वेदीपासून, 'अज्ञात देवाला' असं लिहिलेल्या. त्यांच्याच कवींच्या ओळी त्याला तोंडपाठ होत्या. काहींनी टिंगल केली, काहींनी विश्वास ठेवला. आज आपल्या मंडळीतल्या किती वडिलांनी एखाद्या कॉलेजातल्या पोराचा मोबाइल हातात घेऊन विचारलंय, की दाखव रे, तू दिवसभर यात काय बघतोस?

सगळंच नवं पोटाशी धरा, असं मी म्हणत नाहीय. उलट माझी तक्रार अशी आहे की आपण दारातून येणारं अडवतो आणि खिडकीतून येणारं तपासतच नाही. आई, तू दुपारी मोबाइलवर ऐकतेस त्या प्रचारकाबद्दल मला भीती वाटते. तो पैसे पेरायला सांगतो, दसपट मिळतील म्हणतो. हीही आजच्या बाजाराचीच भाषा आहे, फक्त तोंडी पवित्र शास्त्र आहे म्हणून ती आपल्या घरात शिरली. तू पाचशे रुपये पाठवलेस, त्याचं दुःख नाही. गुडघ्याचं दुखणं थांबलं नाही तेव्हा 'माझाच विश्वास कमी पडला' असं म्हणून तू रडलीस, त्याचं आहे.

आणि जुनं सगळं पारखून घेतलंय असंही नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. आपल्या मंडळीत हुंडा घेऊन झालेली लग्नं मला बोटांवर मोजून दाखवता येतील, गाडीसकट. त्यातल्या एकाही नवऱ्या मुलाचं नाव पटावरून कमी झालं नाही. स्थळ बघताना 'मूळचे कोण' हा जातीचा प्रश्न हळू आवाजात अजून विचारला जातो. ज्याचा बाप्तिस्मा झाला त्याला हे विचारायचं कशासाठी? माझ्या मनात हे फार दिवसांपासून सलतंय, म्हणून लिहिलं.

पारख करायला मी तुमच्याच घरात शिकले. पणजोबांनी प्रभूला स्वीकारलं तेव्हा आखाजीला पितरांची घागर भरणं त्यांनी सोडलं, कारण ते त्यांच्या विश्वासात बसत नव्हतं. पण लेकी घरी यायच्या थांबल्या नाहीत. झोका राहिला, खापरावरचे मांडे राहिले, सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब त्याच दिवशी चुकता करायची रीत राहिली. आजीनं तर एक पाऊल पुढे टाकलं, आखाजीच्या आदल्या रात्री माहेरवाशिणींची प्रार्थना ठेवायला लागली, आणि ती प्रार्थना अहिराणीत. "प्रभू, तू मना बाप शेस," एवढं म्हणून ती किती वेळ गप्प बसायची. त्यांना कुणी अभ्यासवर्ग दिला नव्हता. थेस्सलनीकाकरांच्या पत्रातलं 'सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा' एवढं त्यांनी धरलं होतं.

बाबा, तुम्ही पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं वाजवता. तीही एकेकाळी नवीच होती. तेव्हा मिशनच्या उपासनेत साहेबी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं असत, आणि रेव्हरंड टिळकांनी तिथे अभंग आणि भजन आणलं. १९१७ साली तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. आणि त्यांच्या घरचं बघा. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आधी कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग हिंदू असतानाच त्यांच्या घरी आल्या, आपलं सोवळं सांभाळून. तेव्हा त्या घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको हिंदू होती. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःचं मन तयार झालं तेव्हा. मराठी ख्रिस्ती माणूस ज्या घराचं नाव आदरानं घेतो, त्या घरातही हे घडलं आहे.

पूनमचंही तसंच होईल असं मी सुचवत नाही. तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे, आणि तिच्यावर कुणी तसं दडपण आणलं तर मी आधी आड येईन. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय पुन्हा वाचा, एवढंच म्हणते. विश्वास न ठेवणारी बायको नांदायला तयार असेल तर नवऱ्यानं तिला सोडू नये, असं पौल तिथे लिहितो. नवऱ्यानं सोडू नये, तर मग सासऱ्यानं आणि मंडळीनं तरी का सोडावं?

आता तिच्याबद्दल थोडं. ती पारोळा तालुक्यातली, घरी कापसाची शेती. लग्नापासून तिच्या वडिलांनीही दार बंद केलंय. तुम्ही जे बोललात, जवळजवळ तेच शब्द त्यांनी वापरले, असं ती म्हणते. म्हणजे आपल्या भागात एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन घरांत, आखाजीला एकेक ताट उचलून ठेवलं जातंय. मला डेंग्यू झाला तेव्हा ही मुलगी आठ दिवस डबा घेऊन आली. तापात मी काहीतरी बडबडले तर "काय व्हयनं, ताई?" म्हणाली, अगदी आजीच्या स्वरात. आशिष आणि मी अहिराणी विसरत चाललोय. ती आमच्याशी तीच बोलते.

माझ्या दोन मागण्या आहेत. बाबा, पंचांच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्ही काढा. पहिली सही तुमची होती, तर पहिला शब्दही तुमचाच असू दे. पटावर नाव लगेच चढेल असं नाही, पण निदान दोन वडील इथे येऊन त्यांच्या घरी बसू देत, जे तेव्हा विचारायला हवं होतं ते आता विचारू देत. आणि आई, माहेरवाशिणींची प्रार्थना आजी गेल्यापासून बंद आहे. ती या वर्षी तू घे. या पोरीला या सणाला जायला माहेर नाही.

आम्ही चौघं आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघू. नको म्हणायचं असेल तर आठ दिवस आधी कळवा, मी एकटी येईन आणि तक्रार करणार नाही. मांड्यांची काळजी करू नकोस, पूनमला येतात. हातावर फिरवून खापरावर टाकते, कुठे फाटत नाही. तू फक्त डाळ भिजत घाल आणि खापर उतरवून ठेव.

बाबा, झोक्याचा दोर मागच्या खोलीत गव्हाच्या कोठीमागे आहे. दोन वर्षं पडून आहे, एकदा ओढून बघा. कुजला असेल तर सांगा, इथून नवा आणते.

तुमची,
स्नेहल