‘दिलासा’, पण कधीपर्यंत?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात रोजचा अंक वाचताना मी हातात लाल पेन घेऊन बसत होतो. सवय जुनी आहे. छत्तीस वर्षं नाशिकच्या कोर्टात वकिलांकडे कारकुनी केली; छापलेला कागद दिसला की चूक शोधल्याशिवाय राहवत नाही. सात दिवसांत ‘दिलासा’ हा शब्द मथळ्यांमध्ये अकरा वेळा सापडला. जामीन झाला, दिलासा. घरपट्टीच्या शास्तीत सूट, दिलासा. बांधकाम पाडायला कोर्टाची मनाई, दिलासा. पाऊस आला तर दिलासा आणि थांबला तर तोही दिलासा. एकट्या आपल्या दैनिकाला बोल लावत नाही, सगळीकडे हेच चाललंय.

शब्द वाईट नाही. दिलाला धीर, इतकाच त्याचा फारसीतला अर्थ. घरात मयत झाली की शेजारी येऊन बसतात, तो दिलासा. पण कोर्ट, सरकार किंवा बँक जे देते ते धीर नसतं. ते मुदत असते, नाहीतर सूट, स्थगिती, तहकुबी, क्वचित माफी. आमच्या टेबलावर या प्रत्येकाचा अर्ज वेगळा होता, कारण त्यातून पुढे होणारं निराळं होतं. एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत गेला असता तर साहेबांनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

माझ्या मेहुण्याचं उदाहरण देतो. सिन्नर तालुक्यात त्याची चार एकर कोरडवाहू. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले सिन्नर, येवला आणि मालेगाव होते. सवलतींची यादी आली: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, मुलांची परीक्षा फी माफ, आणखी दोन-तीन गोष्टी. वर मथळ्यात, अर्थातच, दिलासा. मेहुण्याने ते कात्रण घडी घालून पासबुकात ठेवलं.

एकाच यादीत चार जातींची जनावरं बांधलेली होती. परीक्षा फी माफ झाली ती गेली, परत कोणी मागणार नाही. वीजबिलातली सूट म्हणजे रक्कम कमी, पण उरलेली भरायचीच. वसुलीला स्थगिती म्हणजे कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा माणूस सध्या दारात येणार नाही, एवढंच. कर्ज जागेवर आहे. आणि पुनर्गठन म्हणजे वर्षाच्या पीककर्जाचं मध्यम मुदतीचं कर्ज होतं, हप्ते पाडून मिळतात, व्याज चालूच राहतं. एरवी वेळेत भरणाऱ्याला पीककर्जाच्या व्याजात जी सवलत मिळते, तिच्यातून तो हळूहळू बाहेर पडतो. मेहुण्याने यातून एकच काढलं: भरायचं नाही. सव्वा वर्षाने सोसायटीचा सचिव आकडा घेऊन आला, तेव्हा त्याने मला फोन केला. ‘‘दाजी, पेपरात तर दिलासा व्हता.’’ मी काय सांगणार? म्हटलं, होता रे, पण तो तुझ्या जिवाला होता, खात्याला नव्हता. तो हसला नाही.

शहरातल्या शिकलेल्यांचंही वेगळं झालं नाही. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायला मुभा दिली, मग ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेल्या आमच्या कॉलनीतल्या पोरांनी हप्ते थांबवले. थकलेल्या रकमेवर व्याज चढतंय, हे त्यांना कर्जाचे महिने वाढले तेव्हा कळलं. त्या काळातलं व्याजावरचं व्याज घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं. साधं व्याज राहिलंच.

आता तुरुंगाकडे येतो, कारण हा शब्द सगळ्यात जास्त तिथे छळतो. मी जेल रोडला राहतो, नाशिकरोड कारागृहात भेटीला येणारी माणसं रोज पाहतो. आमच्या साहेबांकडे फर्लो आणि पॅरोलचे अर्ज पुष्कळ असायचे. मराठी कागदावर त्यांना संचित रजा आणि अभिवचन रजा म्हणतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, माणूस काही दिवस घरी येतो. पण १९५९ च्या नियमांप्रमाणे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. म्हणजे फर्लोवर घरी झोपलेली रात्र तुरुंगातच गेली असं मोजतात. पॅरोलवर घरी काढलेली रात्र नंतर आत जाऊन फेडावी लागते. इगतपुरीकडची एक म्हातारी मुलाच्या पॅरोलसाठी यायची. मंजुरीचा कागद हातात दिला की दर वेळी तेच विचारायची, ‘‘भाऊ, सुटला का?’’ मी म्हणायचो, ‘‘नाही मावशी, रजेवर आलाय.’’ ती मान हलवायची, कागद पदराच्या गाठीत बांधायची, आणि जिना उतरताना बरोबरच्या बाईला सांगायची, सुटला म्हणून.

करोनात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. मे २०२० मध्ये राज्याने नियम बदलून आपत्कालीन पॅरोल सुरू केला. आधी ४५ दिवस, मग साथ आहे तोवर तीस-तीस दिवस वाढत गेला. कित्येकांनी बाहेर दोन वर्षं काढली, रोजगार धरला, लग्नं केली. २०२२ मध्ये परत हजर व्हायचा हुकूम आला. घरच्यांना वाटलं, सरकारने शब्द फिरवला. शब्द कोणी फिरवला नव्हता, तो मुळात मुदतीचाच होता. जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षं मोजताना पॅरोलचा काळ त्यात धरायचा नाही.

घटनाकारांनी या बाबतीत एका शब्दावर भागवलं नाही. ७२ व्या कलमात राष्ट्रपतींना आणि १६१ व्या कलमात राज्यपालांना शिक्षेबाबत अधिकार देताना त्यांनी माफी वेगळी लिहिली, शिक्षा काही काळ थांबवणं वेगळं, शिक्षेत सूट वेगळी, शिक्षेचा प्रकार बदलणं वेगळं. थांबवणं आणि बदलणं यांत काय अंतर आहे ते एका जुन्या कलमात दिसतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, फाशीची शिक्षा झालेली बाई गरोदर असेल तर उच्च न्यायालयाने फाशी पुढे ढकलावी आणि योग्य वाटल्यास जन्मठेप करावी, असं होतं. म्हणजे कायद्याला मान्य होतं, की बाळंतपण होऊ द्यायचं, आणि मग. या वाक्याच्या पुढे मी कधी जाऊ शकलो नाही. २००८ च्या दुरुस्तीने ‘पुढे ढकलावी’ हे शब्द काढले. आता जन्मठेप करावीच लागते, त्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तसंच आहे. यातल्या कुठल्याही निकालावर आपण ‘महिला कैद्याला दिलासा’ असा मथळा दिला असता. दोन्हींना तोच.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत तर शब्दाचा घोळ मुद्दाम राहू दिला जातो की काय, अशी मला शंका आहे. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्या आमदाराच्या शिक्षेला स्थगिती मिळाली तर तो तुरुंगात जात नाही, बस. आमदारकी वाचायला दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालालाच, स्थगिती लागते. मथळा दोन्हीकडे एकच, आणि कार्यकर्ते फटाके दोन्हीकडे वाजवतात.

आपल्याच लोकांकडे नेमके शब्द आहेत हो. निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला छाटणीनंतर पाऊस थांबला की ‘उघडीप दिली’ म्हणतो. म्हणतानाच त्याला ठाऊक असतं की पाऊस परत येणार, म्हणून रात्रभर ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून डावणी या बुरशीरोगावरची फवारणी उरकून घेतो. गोदेच्या पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीवरचं पाणी कमरेला आलं की नाशिककर ‘ओसरतंय’ म्हणतो, ‘ओसरला’ म्हणत नाही. धरणाचा विसर्ग कमी केल्याच्या बातमीवर ‘गोदाकाठाला दिलासा’ वाचून सराफ बाजारातला कोणी माळ्यावरचा माल खाली आणत असेल असं मला वाटत नाही. शेती, कर्ज आणि कोर्टाच्या बातमीवर मात्र माणूस माल खाली आणतो.

म्हणून विनंती एवढीच. मथळ्यात जागा कमी असते हे समजतं. ‘दिलासा’ऐवजी ‘स्थगिती’ लिहिलं तर अक्षरं फारशी वाढत नाहीत. आणि बातमीच्या पहिल्या परिच्छेदात दोन गोष्टी असू द्या: कधीपर्यंत, आणि व्याज किंवा शिक्षा मधल्या काळात चालू आहे की थांबली आहे.

मेहुण्याच्या कात्रणाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत तो देत नाही. सचिवाला दाखवायची आहे म्हणतो.

आपला,
एक जुना वाचक
जेल रोड, नाशिकरोड